गुत्तेदाराची माती, आमच्या दारातला गाळ

पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीतल्या नाल्याकाठच्या वस्त्यांमध्ये एक काम कोणी न सांगता सुरू होते. बायका फावडी, घमेली, तुटक्या बादल्या घेऊन दारात उतरतात आणि घरात शिरलेला गाळ उपसू लागतात. पाणी रात्रीच निघून गेलेले असते, गाळ मात्र राहतो. चुलीत, शिवणयंत्राच्या पायाखाली, पोरांच्या दप्तरात, सार्वजनिक नळाच्या खड्ड्यात. त्या दिवशी त्या बायकांची मजुरी बुडते. वर्तमानपत्रात बातमी येते की शहरात दमदार पाऊस, सखल भागात पाणी. त्या बातमीत गाळ नसतो. आम्ही आज त्या गाळाविषयीच लिहिणार आहोत, कारण पाणी आभाळातून येते हे सर्वांना दिसते, पण गाळ कोठून येतो हे विचारायला कोणी तयार नाही.

अशाच एका वस्तीत आम्ही उभे होतो. वस्तीचे नाव देत नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावची नाल्याकाठची वस्ती घ्या, चित्र तेच आहे. एक मावशी उंबऱ्यावरचा चिखल खरडत होत्या. आम्ही जयभीम घातला आणि पाणी किती आले होते ते विचारले. त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय न्हाई दादा, पाणी जातंय. ही माती कुणाची हाय तेवढं सांगा."

आम्हाला उत्तर देता आले नाही. मग आम्ही नालीच्या कडेने वर चालत गेलो. हे काम कोणीही करू शकतो, त्याला इंजिनिअर लागत नाही. चिखलात मुरमाचे लालसर खडे होते, विटांचे तुकडे होते, सिमेंटच्या रिकाम्या गोणीची चिंधी होती. शेतातल्या मातीत या वस्तू नसतात. चार गल्ल्या वर गेल्यावर उगम सापडला. एका मोठ्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम झाले होते आणि उपसलेल्या काळ्या मातीचा ढीग सरळ नालीच्या काठावर टाकलेला होता. ढिगाच्या अंगावर बोटभर, हातभर रुंदीच्या ओघळी पडल्या होत्या. ढिगाचा पायथा नालीत विरघळला होता. पुढच्या प्लॉटवर तेच, त्याच्यापुढे नव्या ले-आऊटमध्ये तेच. मावशींच्या दारात आलेली माती गुत्तेदाराची होती. खड्डा त्याच्या फायद्याचा, ढीग रस्त्याचा आणि गाळ मावशींचा, अशी ही वाटणी आहे.

आता परभणीच्या मातीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण येथला प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली ही भारी काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारीला ती सोन्यासारखी, पण घराला ती वैरीण. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टाकला तर भिंत तडकते. म्हणून आपल्याकडचा कोणताही मिस्त्री काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खाली जातो किंवा बाहेरून मुरूम आणून भरतो. हे शहाणपणाचे आहे, त्याला आमचा आक्षेप नाही. पण याचा अर्थ असा की परभणीत प्रत्येक बांधकाम म्हणजे मातीची दुहेरी उलथापालथ. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर दोन मीटर खोदले तर साडेतीनशे ब्रासहून अधिक माती वर येते. मोकळी झाल्यावर ती आणखी फुगते. ती कोठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, पावसाआधी कोठे न्यायची, याचा हिशेब परवान्याच्या कागदावर कोणी मागत नाही. दुसरीकडे जिंतूरकडच्या टेकड्या मुरमासाठी पोखरल्या जातात आणि त्या उघड्या पडलेल्या टेकडीचा गाळही पावसात खालच्या शेतकऱ्याच्याच वावरात उतरतो.

पहिल्या पावसात काळ्या जमिनीच्या भेगा पाणी पितात. दोनचार पावसांनी ती फुगून भेगा मिटल्या की मग पाणी मुरण्याचा वेग एकदम मंदावतो आणि वरचे पाणी धावू लागते. उघड्या मातीवर पावसाचा थेंब नुसता पडत नाही, तो आदळतो. कण सुटा करतो, उडवतो. सुटे झालेले कण घेऊन पाणी उताराला लागते, आधी पातळ थराने, मग बारीक ओघळींतून, मग घळीतून. उतार जितका लांब आणि तीव्र तितका पाण्याचा जोर वाढतो आणि जोर वाढला की ते अधिक माती उचलते. पीक, गवत, नुसता पालापाचोळा असला तरी थेंबाचा मार त्याच्यावर बसतो आणि माती वाचते. बांधकामाच्या जागेवर पहिल्याच दिवशी जेसीबी येतो आणि नेमके हेच पांघरूण खरडून काढतो. नंतर हायवा, टिप्पर फिरून जमीन दाबून टाकतात, म्हणजे मुरण्याचीही सोय संपते.

महसूल खाते एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणते. एवढा पाऊस एका एकरावर पडला तर २ लाख ६० हजार लिटरहून जास्त पाणी होते. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या परभणीकराला हा आकडा लगेच कळेल. गवताळ एकरातून यातले बरेचसे मुरते, अडते, सावकाश निघते. दाबलेल्या, उघड्या एकरातून ते एकदम सुटते आणि सोबत माती घेऊन सुटते. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडात जो पाऊस कोसळला तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना आम्ही अधिक सांगायला नको. पाऊस आता असाच, थांबून थांबून नाही तर एकदम येतो आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हा हिशेब मांडून ठेवला आहे. शेतजमिनीतून जेवढी माती वाहते त्याच्या दहा ते वीस पट बांधकामाच्या जागेतून वाहते आणि जंगलाच्या तुलनेत हजार ते दोन हजार पट. म्हणून तेथे १९९० पासून पाच एकरांवरच्या बांधकामांना आणि २००३ पासून एक एकरावरच्याही बांधकामांना पावसाच्या पाण्याचा वेगळा परवाना लागतो. माती कशी अडवणार याचा आराखडा आधी द्यावा लागतो आणि काम थांबले तर उघडी जमीन ठराविक दिवसांत झाकावी लागते. अमेरिका म्हणजे स्वर्ग आहे असे आमचे म्हणणे नाही. तेथेही नियम मोडले जातात. पण तेथे माती ही मालकाची जबाबदारी मानली आहे, शेजाऱ्याचे नशीब नव्हे.

आपल्याकडे काय आहे? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेडला अशी बांधकामे किती? बाकी सगळे मोकळे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्यावरच्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ती सोय इमारत उभी राहिल्यावरची आहे. इमारत उभी राहीपर्यंत जे दोन-तीन पावसाळे जातात, त्या काळातल्या उघड्या मातीचे काय? नेमकी तेव्हाच सगळी माती वाहून जाते.

मग दर उन्हाळ्याच्या शेवटी नालेसफाई निघते. जेसीबी नाल्यातला गाळ काढतो आणि काठावर टाकतो. पाऊस आला की काठावरचा गाळ पुन्हा नाल्यात. बिल मात्र एकदाच निघत नाही, दरसाल निघते. वर माती सोडायला कोणी अडवत नाही आणि खाली तीच माती काढायला जनतेचा पैसा. याला आम्ही विकास म्हणावे अशी अपेक्षा आहे.

यात जातीचा प्रश्न कोठून आला, असे काही वाचक विचारतील. पाणी जात पाहत नाही हे खरे. पण वस्ती कोठे बसली हे जातीने ठरवले. गावात आम्हाला गावकुसाबाहेरची जागा मिळाली. शहरात आलो तर नाल्याकाठची, रुळाकडेची, कोणी घेत नव्हते ती. पिंगळगड नाला असो की गावोगावचा ओढा, त्याच्या काठाला कोणाची घरे आहेत ते एकदा मोजून पाहावे. वरच्या अंगाला ज्यांचे प्लॉट पडतात आणि खालच्या अंगाला ज्यांच्या घरात गाळ जातो, ही दोन माणसे बहुधा एका जातीची नसतात. आणि ज्याच्या घरात गाळ जातो तोच सकाळी वरच्या प्लॉटवर बिगारी म्हणून खोदायला जातो. ही गोष्ट आम्हाला सर्वात जास्त लागते.

खोदणाऱ्याच्या जिवाचे काय, तेही पाहिले पाहिजे. ओली काळी माती स्वतःच्या वजनाने ढासळते. चरीच्या काठावर ढीग, त्याच्यावर पाऊस, खाली माणूस, ही मरणाची मांडणी आहे. भारतीय मानकांप्रमाणे दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नसतो आणि उपसलेली माती काठापासून दूर ठेवायची असते. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, खोदकामाच्या सुरक्षेचे नियम झाले. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले म्हणून चर उथळ झालेली नाही. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या रात्री पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. भिंतीच्या पलीकडे, खालच्या अंगाला नवे बांधकाम चालू होते आणि त्यावरच्या मजुरांची पत्र्याची घरे भिंतीला टेकून उभी होती. पंधरा माणसे झोपेत गेली, त्यात लेकरे होती. बहुतेक बिहारकडचे कष्टकरी. तीन दिवसांत आंबेगावला महाविद्यालयाची भिंत पडून आणखी सहा मजूर गेले. या बातम्यांत 'पावसाने भिंत कोसळली' असे छापले जाते. पावसाने? पाऊस तर दरवर्षी पडतो. भिंतीच्या पायाजवळची माती कोणी हलवली, पाण्याला वाट कोणी ठेवली नाही, मजुरांना तेथे कोणी झोपवले, हे प्रश्न पावसाच्या नावावर खपवले जातात.

आमच्या वाचकांना आठवण करून देण्याजोगी एक गोष्ट आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा मजुरांबरोबर पाटबंधारे, वीज आणि सरकारी बांधकामे ही खातीही त्यांच्याकडेच होती. दामोदर आणि महानदीच्या योजनांची पायाभरणी त्या खात्याने केली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी पुराच्या पाण्याविषयी जे मांडले त्याचा आशय असा, की जास्त पाणी हे संकट समजून ते कसेतरी समुद्राकडे लोटून देणे ही चुकीची दृष्टी आहे, पाणी ही संपत्ती आहे आणि ती साठवून माणसांच्या उपयोगी आणली पाहिजे. ऐंशी वर्षांनंतरही आपल्या नगरपालिकांची दृष्टी लोटून देण्याचीच आहे. आणि लोटायचे कोणाकडे, तर खालच्या वस्तीकडे.

उपाय अवघड आहेत का? मुळीच नाहीत, आणि ते आमच्या लोकांना गुत्तेदारापेक्षा जास्त माहीत आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आमच्या आया-बापांनी रोजगार हमीच्या कामावर काय केले? बांधबंदिस्ती केली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले, समतल चर काढले. उताराला आडवे जा, पाण्याला पळू देऊ नका, जागोजागी थांबवा, हे त्यांच्या हाताला पाठ होते. त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झाले. तेथले शास्त्रज्ञ इतकी वर्षे शेतकऱ्याला उताराला आडवी पेरणी करा, रुंद वरंबा-सरी पद्धत वापरा, बांधावर गवत ठेवा, असे सांगत आले आहेत. दोन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याने माती राखली पाहिजे असा उपदेश होतो. मग कोट्यवधीचा ले-आऊट पाडणाऱ्याने का राखू नये?

बांधकामाच्या जागेवर हेच तत्त्व लावायचे. वरून येणारे पाणी जागेत शिरायच्या आधी कडेने चर काढून बाजूला वळवावे, म्हणजे ते उघड्या मातीवरून जाणारच नाही. सगळा ले-आऊट एका दमात खरडू नये, जेवढ्यावर काम तेवढेच उघडे करावे. खालच्या कडेला असलेले गवत, बाभळी, तरवड शेवटपर्यंत राहू द्यावे. मातीचा ढीग नालीपासून दूर, शक्यतो वरच्या अंगाला टाकावा, त्याच्यावर ताडपत्री घालावी, पायथ्याला माती भरलेल्या गोण्यांची रांग लावावी. आठ-पंधरा दिवस काम थांबणार असेल तर उघड्या जमिनीवर सोयाबीनचे भुसकट, पऱ्हाट्या, तुराट्या, जे मिळेल ते पसरावे. आपल्या जिल्ह्यात हा माल लोक वावरात जाळून टाकतात, तो येथे सोन्याच्या कामाला येईल. जागेच्या तोंडाशी दहा-पंधरा मीटर मोठ्या खडीचा पट्टा टाकला तर हायवाच्या टायरला लागलेला चिखल तेथेच झडतो, रस्ताभर पसरत नाही.

गाळखड्ड्याविषयी मात्र एक सावधगिरी. पुण्यातला एखादा सल्लागार येऊन सांगेल की कोपऱ्यात एक खड्डा खोदा, गाळ तेथे बसेल. वाळू बसेल, मुरूम बसेल. पण काळ्या मातीतला बारीक चिकण कण इतका सूक्ष्म असतो की निवांत पाण्यातही एक मीटर खाली जायला त्याला तीन दिवस लागतात. वाहत्या पाण्यात तो बसतच नाही, गढूळ होऊन पुढे जातो. म्हणून परभणीत गाळ पकडण्यापेक्षा माती सुटूच न देणे हा खरा इलाज आहे. खड्डा हवाच, पण खड्डा केला म्हणजे सुटलो असे कोणी समजू नये.

समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड मार्ग आपल्या जिल्ह्यातून आखला आहे. मोठ्या रस्त्याचा भराव म्हणजे मैलोन्‌मैल उघडा उतार. भरावाच्या कडांवर वेळीच गवत लावले नाही आणि काम चालू असताना पुलाच्या नळ्या गाळाने बुजू दिल्या, तर शेजारच्या वावरात तळे साचते. अशा वेळी शेतकऱ्याने अर्ज कोणाकडे करायचा हे काम सुरू व्हायच्या आधी गावात फलकावर लिहिलेले असावे.

दोन गोष्टी आमच्या आमच्यातही बोलल्या पाहिजेत. रमाई आवासचे घरकुल मंजूर झाले की आपलीही वाळू, आपलीही माती नालीवरच पडते आणि शेजाऱ्याने बोलले की आपल्यालाही राग येतो. दुसरे असे की वर्षात नव्वद दिवस काम केलेला, अठरा ते साठ वयाचा बांधकाम मजूर कल्याणकारी मंडळात नोंदणीला पात्र आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्याच्यासाठीच घेतला जातो. चरीत उतरणाऱ्या किती भावांची नोंदणी आहे? नोंदणी नसलेला मजूर दबला तर तो कागदावर तेथे कामाला नव्हताच.

आमची मागणी मोठी नाही. बांधकाम परवान्याच्या पत्रात अटींची भलीमोठी यादी असते, तिच्यात चार ओळी वाढवाव्यात. उपसलेल्या मातीची जागा नकाशावर दाखवा. ३१ मेच्या आत ढीग हलवा किंवा झाका. पाण्याची वाट आणि खालची कड राखा. नालीत माती गेली तर ती मालकाने स्वखर्चाने काढावी. परभणी २०११ साली महानगरपालिका झाली, ठराव करण्याचा अधिकार तिला आहे. बाकी नगरपालिकांनाही आहे. पण नुसत्या मागणीने काही होत नाही हे आम्ही जाणतो, म्हणून वस्तीतल्या तरुणांनी एक काम हाती घ्यावे.

माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. एका अर्जात विचारावे, की आपल्या नाल्याच्या वरच्या अंगाला गेल्या दोन वर्षांत कोणकोणत्या बांधकामांना व ले-आऊटना परवाने दिले आणि त्यांत उपसलेल्या मातीबाबत काय अट घातली, त्या परवान्यांच्या प्रती द्या. दुसऱ्या अर्जात, नाल्यातून गेल्या तीन वर्षांत किती गाळ काढला, तो कोठे टाकला आणि बिल किती झाले. सोबत आपल्या दारातल्या गाळाचे आणि वरच्या ढिगाचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत. माहिती अधिकाऱ्याला उत्तराला तीस दिवस असतात. अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात दिला तर मुदत मृगाच्या आत संपते. त्या मावशींचा अंगठा पहिल्या अर्जावर घ्यायचे ठरले आहे. प्रश्न त्यांचाच आहे, आम्ही फक्त कागदावर उतरवला.